बारा-तेराचा पाना

रविवारी आडगाव टर्मिनलवर भाडं नसतं.
लिंबाखाली गाडी लावली, दोन्ही दारं सताड उघडली
आणि केबिनच्या पोटातलं सगळं
बाहेर सतरंजीवर काढलं.
उशी, स्टोव्ह, गेल्या नवरात्रातला वणीचा नारळ,
टोलच्या पावत्यांचा गठ्ठा, शाई उडालेला.
कुठून कुठे गेलो याचा पुरावा म्हणून
नुसते पांढरे कागद.

बाहेरून धुणं सोपं. पाइप मारला की झालं.
आत हात घालावा लागतो.
बोटं जातील तिथवर बोटं, पुढे जुना टूथब्रश,
त्याच्याही पुढे सायकलची तार.
गियरच्या रबराखाली लासलगावचा कांदा निघाला,
म्हणजे कांदा नाही, त्याचा पापुद्रा,
गुलाबी, श्वासानं उडेल इतका.
सीटच्या शिवणीत बडीशेप.
आणि एक टिकली,
जिच्याबद्दल मी घरी काही सांगणार नाही.
ती माझ्या काळातली नाही, एवढं खरं.

गाडी मागच्या पोळ्याला घेतली, दौलत सानपांच्या पोराकडून.
पोराला तिचा वास सोसत नव्हता.
मला तो पाठ होता.
याच केबिनमध्ये मी चौदा महिने क्लीनर होतो,
आणि क्लीनर म्हणजे काय, तर काच पुसायची,
गाडी मागे घेताना येऊ द्या, येऊ द्या ओरडायचं,
पत्र्यावर थाप मारायची,
उस्ताद झोपला की आपण जागं राहायचं.
नाव मच्छिंद्र. हाक बारक्या.

झोपायच्या फळीखालचा कोपरा राहिला होता.
नट गंजलेले, दोन तर कापावेच लागले.
मोबाइलचा उजेड दातांत धरून आत वाकलो
तर पत्र्याच्या दुमडीत, ग्रीसच्या गोळ्यात,
पाना.
बारा-तेरा. दांड्यावर दोन खाचा,
उस्तादनं कानशीनं पाडलेल्या.

मी तिथेच उकिडवा बसलो.

मनमाडच्या पंपावर, रात्री,
हा पाना मी विकला असं ठरलं होतं.
चाळीस रुपयांना, असंही कुणीतरी सांगितलं.
खिसे उलटे केले, पिशवी झटकली,
पहाटे चांदवडला उतरवलं.
घरी पोचायला रात्र झाली.
आईनं जेवायला वाढलं, मग विचारलं,
घेतला होतास का रे?
तेवढं एक विचारायला नको होतं.

पाना डिझेलनं पुसला.
हात धुतले. शर्ट बदलला. म्हसरूळला गेलो.
उस्ताद ओट्यावर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.
रस्ताभर जुळवलेली वाक्यं
फाटकाशी गळून पडली.
पाना नुसता त्यांच्या तळहातावर ठेवला.
त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला,
अंगठा खाचांवरून नेला, एकदा, मग पुन्हा.
एका तोंडात करंगळी घालून पाहिली.
"तेराची बाजू झिजलीय," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, "फळीखाली?"
मी हो म्हटलं.
आत कुकरची शिट्टी झाली.
"डावा आरसा हलतो का अजून?"
हलतो.
"बाराचा नट आहे त्याला."

एवढंच. चहा झाला.
टिकलीचं मी काही बोललो नाही.

परत आलो तर सतरंजीभर लिंबाची पानं,
मॅट वाळून पापडासारखी कडक.
सगळं होतं तिथे ठेवलं, पावत्या तेवढ्या टाकल्या.
टिकली शिवणीत परत सरकवली.
आरसा आवळला.
त्यात आता टाकीवरचा कावळा
एका जागी बसलेला दिसतो.
केबिनमध्ये निरम्याचा वास
आणि त्याच्याखाली, ब्रश पोचत नाही तिथून,
तोच.