गल्ली नंबर चारचा डाव

फासे नाहीत.
सुपडूअप्पांनी पहिल्याच रात्री सांगितलं,
फासे असले की हरणारा नशिबाला शिव्या देतो.
इथे द्यायच्याच तर स्वतःला.

एकतीस वर्षं धुळ्याच्या नगरपालिकेत
दुसऱ्यांच्या सह्यांसाठी नकाशे काढले त्यांनी.
त्यातला एक, कधीच मंजूर न झालेला,
पाठीमागून कोरा होता.
त्यावर चौकटी आखल्या, अकरा बाय अकरा,
आणि मधून पांझरा म्हणून निळा दोरा,
टोकांना डिंक, मध्ये सैल.
नदी ताणून बसवायची नसते, म्हणाले.

घर म्हणजे सरकी. शाळा म्हणजे शर्टाचं बटण.
पैसा म्हणजे चिंचोके, माणशी वीस.
पाण्याची टाकी सगळ्यांत मिळून एकच,
खोकल्याच्या औषधाचं बूच.

पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत बसायचो आम्ही चौघं.
खाली कळण्याचं शेवटचं दळण संपून
पट्टा फडफडत थांबला
की भटू विचारायचा, "आते कोनी पाळी?"

त्या रात्री माझी होती.
टाकी माझ्या काठावर, बाजार माझा,
सलग सहा चौकटींचं व्यापारी संकुल,
मध्ये बोळ ठेवला असता तर एक चौकट वाया गेली असती.
कचरा डेपो तेवढा उरला होता.
कडेच्या चौकटीत फुकट, असा नियम.
मी वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला,
जळकी काडेपेटीची काडी.

यास्मीन म्हणाली, "तिथे मी राहते."
"पटावर?"
"पटावरही."

भटू हसला. मग एकटाच हसतोय म्हणून थांबला.

तिनं डेपो हलवा म्हटलं नाही.
उरलेल्या सात चिंचोक्यांतून
काडीच्या शेजारी एक बटण ठेवलं,
चार भोकांचं, पांढरं.
एवढ्यात दोन कारखाने झाले असते तिचे.
मी मनातल्या मनात जिंकलो.

मोजणीचा नियम अप्पा शेवटी सांगायचे,
दर वेळी नवा असल्यासारखा:
सगळ्यात लांबच्या घरातून दोन बोटं निघतील,
चालत, टाकीपर्यंत.
जितक्या चौकटी, तितके गुण टाकीवाल्याचे वजा.

यास्मीननं चष्मा पुसला.
तर्जनी आणि मधलं बोट, मागाच्या दोऱ्यानं चिरलेली,
सरकीपाशी उभी केली
आणि निघाली.
बटणावरून, काडीला वळसा,
मग माझं संकुल.
बोटं भिंतीशी थांबली. डावीकडे गेली. भिंत.
परत फिरली. सहाच्या सहा चौकटी ओलांडून वळली.
घाई नव्हती तिला.
परतीला घागर भरलेली असणार
हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

"तेवीस," अप्पा म्हणाले.
मी पुन्हा मोजलं. तेवीसच.

माझे उणे चार झाले.
भटू जिंकला, त्यालाच कळेना कसा.

पट गुंडाळताना डिंक सुटला.
दोरा कुठे गेला कुणी पाहिलं नाही,
बहुतेक भटूच्या बाहीला लागून
तीन गल्ल्या पलीकडे.
मी घरी जाताना उगाच
महापालिकेच्या नळापासून पावलं मोजू लागलो,
दोनशेच्या आसपास कुत्रं भुंकलं आणि आकडा गेला.

दुसऱ्या रात्री शहर मांडलं तर मध्ये नदी नव्हती.
अप्पांनी पेन्सिल काढली, पुन्हा कानामागे ठेवली.
पेन्सिलची नदी कुणीही खोडेल.

यास्मीननं पिशवीतून कांडी काढली,
मागावरची, पूर्ण भरलेली, रंग मात्र हिरवट.
"घ्या," म्हणाली,
"आणि अप्पा, या वेळी
कापायच्या आधी मला विचारा."