उत्तरेचा बाण

तिसऱ्या सत्राच्या स्टुडिओला मी धुळं घेतलं.
सरांनी विचारलं, अहमदाबादच्या गार वर्गात,
का धुळं?
म्हटलं, तिथे गल्ल्यांना नंबर आहेत,
कुणीतरी आधीच पट्टी ठेवून आखलंय,
मला फक्त गिरवायचंय.
सगळे हसले. मीही.
खरं तर राहण्याचे पैसे वाचणार होते
आणि मे महिना होता, आईकडे आमरस.

पाचव्या गल्लीत सकाळी सातला टेप काढली.
दुसरं टोक धरायला कुणी नाही,
ते विटेखाली दाबलं.
ओट्यावर बिबड्या घालणारी बाई म्हणाली,
"काय मोजी राहिनी व माय?"
रस्ता.
"रस्ता त शे. मोजीसन काय करशी?"
वहीत लिहिलं : ओटा, रुंदी नव्वद सेंटिमीटर,
वापर अर्ध-सार्वजनिक.
तिने अर्धवट सुकलेली एक बिबडी
माझ्या हातावर ठेवली.
तिची नोंद कुठल्या रकान्यात करायची, कळेना.

महापालिकेत नळवाहिन्यांचा नकाशा मागितला.
कारकुनाने कपाट उघडलं.
निळा कागद, घड्यांवर फाटून चार तुकडे,
मधला भाग उंदरांच्या ताब्यात.
"नकाशा म्हणजे हिरामणच," तो म्हणाला.
"व्हॉल्व्हवाला. पहाटे चारला भेटेल, देवपूरच्या पुलाशी."

हिरामण बडगुजर. खांद्यावर लोखंडी चावी,
जवळजवळ त्याच्याच उंचीची.
कुठल्या झाकणाखाली किती आटे,
कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो,
कुठल्या गल्लीत नळ आधी हवा सोडतो,
मग खोकतो, मग येतो,
तो चालता चालता सांगत गेला
आणि मी लेसरचं यंत्र पिशवीतच ठेवलं.
हा रस्ता सपाट आहे, मी म्हटलं.
"चढ पानीले इचार," तो म्हणाला, "डोयाले नही."
मग चावीचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला.
कुठेतरी गळत होतं.
मला दिली.
आधी माझीच नाडी ऐकू आली,
मग पाणी.

अकरा दिवस पहाटे हेच.
नंतर होस्टेलवर, रात्री,
त्याच्या बोलण्यातून चढउताराच्या रेषा काढल्या.
जुरीला बाहेरून आलेल्या बाई शीटपाशी वाकल्या.
स्रोत : हि. बडगुजर, तोंडी.
"तोंडी?" त्यांनी चष्मा काढला.
ब प्लस मिळाला.

दिवाळीत मोठा प्रिंट घेऊन गेले.
त्याने हात पँटला पुसले,
कागद सायकलच्या कॅरिअरवर पसरला,
बोट पाण्याच्या वाटेने निघालं,
टाकी, पूल, चौथी, पाचवी,
सहाव्या गल्लीत माझी एक चूक दाखवून
पुढे,
कागदाच्या कडेपर्यंत, आणि तिथे अडलं.
"मन्हं घर?"

तिथे मी सूचीची चौकट बसवली होती.
निळी रेघ म्हणजे मुख्य वाहिनी, ठिपका म्हणजे व्हॉल्व्ह,
खाली माझं नाव, सरांचं नाव,
आणि उत्तरेचा बाण, काळा, चांगला ठसठशीत.
त्याखाली शंभर-सव्वाशे घरं असतील, पत्र्याची.
अभ्यासक्षेत्राची हद्द इथे संपते, म्हटलं.
"हां," तो म्हणाला.
खिशातलं बॉलपेन काढून बाणाच्या टोकाशी
एक ठिपका दिला,
आणि कागद गुंडाळून घेतला, हलक्या हाताने,
घडी पडू नये म्हणून.

आज फाईल उघडलीय.
बाण उचलून डावीकडे नेला, तिथे वीटभट्टीवाल्यांची वस्ती.
वर नेला, तिथे काय आहे मला माहीतच नाही,
हिरामणला विचारावं लागेल.
खाली उजव्या कोपऱ्यात आमचंच घर.
ठेवून पाहिला.
आईचा ओटा झाकला गेला, नळासकट.
वाईट दिसत नाही.