खडूची खूण

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गाळा नंबर बासष्ट.
एप्रिलची दुपार, पत्रा तापून कटकट वाजतोय.
पांढऱ्या बोर्डावर मी चार रकाने आखले :
मसुदा. तपासणी. मंजुरी. प्रकाशित.
बाण काढले, वळणाला निळी शाई.
चेअरमन पुल्लय्या चन्ना म्हणाले, झकास.
फक्त माझं नाव सगळ्यांत शेवटी टाका,
आणि फोटो सगळ्यांत आधी.

मग वाटणी झाली.
दर बघणार हिशेबातले गुरुशांत हत्तुरे,
मापं बघणार नूरजहाँ बागवान,
भाषा बघणार प्रभुलिंग, कारण त्याचं अक्षर चांगलं.
(कळफलकावर अक्षराचं काय करणार, हे कुणी विचारलं नाही.)
मी लिहायचं, त्यांनी टिचकी मारायची,
टिचकी मारली की हिरवी खूण,
चार हिरव्या खुणा झाल्या की मजकूर जगात.
योजना इतकी स्वच्छ होती
की बोर्डाचा मी मोबाइलवर फोटो काढून घरी आईला दाखवला.

मंगळवारी पहिलं पान गेलं.
चार खुणा, चारही हिरव्या.
बुधवारी गुलबर्ग्याहून एका दुकानदाराचा फोन :
ते तुमचे शंभर टक्के सुस्ती टॉवेल,
दोन डझन पाठवा, आमच्याकडे गिऱ्हाईक पुष्कळ आहे.

सुती.
सुती लिहायचं होतं मला.

हत्तुरे म्हणाले, मी फक्त आकडे बघितले.
नूरजहाँ म्हणाली, मापं बरोबर आहेत ना?
प्रभुलिंग म्हणाला, मला वाटलं तू दोनदा वाचतेस.
मला वाटलं होतं, प्रभुलिंग वाचतो.
चेअरमन फोटोत छान आले होते.

घडी खात्यातून इरेशम मामा पाणी प्यायला आले.
एकतीस वर्षं काचेच्या टेबलावर, खालून दिवा,
वरून टॉवेल सरकतो आणि मामांचा अंगठा
तुटलेल्या धाग्यापाशी आपोआप थांबतो.
मराठी त्यांना बोलता येतं, वाचताना अडखळतात.
बोर्डाकडे बराच वेळ बघून म्हणाले,
“चौघं बघलालेत म्हणून कुणीच बघंना बघ, पोरी.
आमच्याकडं काठावर खडूनं नंबर टाकतेत. माझा अकरा.
माल परत आला की कुणाला विचारायचं
हे विचारावं लागत नाही.”

आणि मग, पेला पालथा घालत,
“काय लिहलालीस ते वाच की जरा. मोठ्यानं.”

मी वाचलं. कुशल हातांची थोर परंपरा, असं काहीतरी.
ते मध्येच म्हणाले, थांब.
अंगठा हवेतच थांबला होता.
“हात कुणाचे?”

मला सांगता येईना.
मी खाली गेले.
उसवलेलं काठ दुरुस्त करणाऱ्या तिघी बसल्या होत्या,
अंबूबाई, यल्लूबाई, आणि नवी लागलेली सुगंधा,
जी सुईत दोरा ओवताना डोळे मिटते.
का मिटते, विचारलं.
म्हणाली, उघडे ठेवले की भोक हलतंय.
ते लिहिलं.

आता बोर्डावर दोनच रकाने उरलेत.
एक, मोठ्यानं वाचलं का.
दोन, कुणी.
दुसऱ्यात एकच नाव बसेल एवढी जागा ठेवलीय मुद्दाम,
आणि हत्तुरे अजून कुरकुरतात
की खाली कंसात त्यांचंही चाललं असतं.

सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना,
मी एकटीच वाचत बसते रिकाम्या खोलीला.
खोटा शब्द आला की घसा आधी अडतो,
डोळ्यांना नंतर कळतं.
पानाच्या तळाशी माझं नाव पहिल्यांदा टाकलं
तेव्हा हात जरा कापला, खरं सांगते,
टिचकी मारताना कधी कापला नव्हता.

चेअरमनचा दुसरा फोटो आलाय, फेटा बांधलेला.
तो वाचता येत नाही मोठ्यानं.
म्हणून पहिल्याच रकान्यात पडून आहे.