गुरुवारचं पाणी

दर गुरुवारी मी जाते आणि नळ सोडते.
आधी स्वयंपाकघरातला, मग न्हाणीतला,
कमोडची साखळी दोनदा.
वापर नसला की मोरीखालच्या वळणातलं पाणी सुकतं
आणि गटाराचा वास घरात राहायला येतो,
भाडं न देता.

घर भावाचं. तैस्तो मार्चमध्ये गेला,
कागद गिरणी त्याच्या सहा वर्षं आधी.
आता आमच्या गावात घरं जास्त
आणि संध्याकाळी दिवे कमी.
तरुण मंडळी हेलसिंकीला गेली,
तिथे म्हणे एका खोलीसाठी रांग लागते.

दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली:
दोन खोल्या, सौना, तळघर, सफरचंदाचं झाड.
खाली कातरून सोडलेल्या बारा पट्ट्या,
प्रत्येकीवर माझा फोन नंबर.
पंधरा दिवसांत एक फाटली.
मी फोन उशाशी घेऊन झोपले.
मग कळलं, गल्ल्यावरच्या पेंतीनं
तिच्यात च्युइंगम गुंडाळलं होतं.

भाडं उतरवत गेले. चारशे ऐंशी युरो, चारशे तीस,
बाहेरच्या पाऱ्याच्या जोडीनं.

उणे चोवीस. तरी रिकाम्या घराला ऊब द्यावी लागते,
नाहीतर पाइप फुटतात.
बारा अंश. माणसाला ते पुरत नाहीत,
पाइपांना पुरतात.
माझ्या स्वयंपाकघरात मी दोन स्वेटर घालून बसते
आणि पेन्शनीतून तिकडे
कुणीच नसलेल्यांना उबदार ठेवते.

एक कौप्पिला म्हणून आला.
डॉक्टर छातीवर वाजवतो तसं त्यानं भिंतींवर टकटक केलं
आणि निदान न सांगता गेला.
मग एक जोडपं. तिनं हळूच विचारलं,
इथे कोणी वारलं का हो?
मी म्हटलं, नाही, इस्पितळात.
पुढे बोलणंच झालं नाही.
हो म्हटलं असतं तर निदान घासाघीस तरी झाली असती.

सगळे दाराच्या चौकटीपाशी थांबतात.
पेन्सिलीच्या खुणा पाहून म्हणतात, अगंबाई, मुलं किती होती?
मुलं नव्हती. ते मासे आहेत.
शेपटी खाली, तोंड वर, तारीख बाजूला.
सगळ्यांत वरचा पाइक, सत्त्याऐंशीचा,
एक मीटर चार सेंटिमीटर.
तैस्तो लग्नाचा वाढदिवस विसरायचा,
हा आकडा नाही.

फेब्रुवारीत रोवेना आली,
वृद्धाश्रमात रात्रपाळीची नर्स,
कुणाचंतरी मोठं जॅकेट, बाह्या दुमडलेल्या.
तिनं काही विचारलं नाही.
गरम पाण्याचा नळ सोडला, खाली बोट धरलं
आणि उभी राहिली.
चाळीस सेकंद लागतात.
तैस्तो त्यातले तीस शिव्यांत घालवायचा.
मी मनात मोजत होते.
ती खिडकीतून झाडाकडे बघत होती.

मग चौकटीशी आली. मी सांगितलं, मासे.
तिनं जॅकेट काढलं, पाठ लावून उभी राहिली,
मान वळवून पाहिलं:
सत्त्याऐंशीचा मासा तिच्या छातीपर्यंत.
केवढ्यानं हसली!
त्या भिंतींनी वर्षभर फक्त माझं खाकरणं ऐकलं होतं.

तीनशे नव्वदला ठरलं. किल्ली दिली.

आज गुरुवार.
जोडे घातले, पूल ओलांडला,
कोपऱ्यावरून दिसलं, खिडकीत उजेड,
धुराड्यातून धूर.
दुसरी किल्ली खिशात होती, पण करारात लिहिलंय,
मालकानं आगाऊ कळवल्याशिवाय यायचं नाही.
ते वाक्य मीच घालायला लावलं होतं.

परतताना दुकानात शिरले, चिठ्ठी काढली.
अकरा पट्ट्या.
पेंतीनं विचारलं, गेलं का घर?
म्हटलं, गेलं.
मग किलोभर बटाटे घेतले,
घरी होते तरी.