किती फुटाला येतं

सांगलीत घर बघायला निघालं की
चौरस फूट कुणी आधी सांगत नाही.
आधी आयर्विन पुलाचे फूट.
'चाळीसला काही नाही, पंचेचाळीसला पायरीशी,'
हळदीचा दर सांगावा तसं सांगतात,
मग भाडं.

एजंट बाहुबली मगदूम.
स्कूटरच्या डिकीत किल्ल्यांचा जुडगा,
प्रत्येक किल्लीला सुतळीनं बांधलेला पुठ्ठा.
'मॅडम, विश्रामबाग घ्या. उंचावर हाय.
तिथं कृष्णामाई यायची तर रिक्षा करूनच.'

विश्रामबाग उंच होतं, खरंच.
रुंद रस्ता, धुतलेल्या गाड्या,
गेटावर कॅमेरा.
मी वीस मिनिटं उभी राहिले.
एक कुरिअरवाला गेला, एक मांजर.
कॅमेरा सगळं बघत होता
आणि कुणाला काही सांगत नव्हता.

हरिपूर रस्त्याला चिंचांची सावली सुरेख.
पण रस्ता सरळ घाटावर उतरतो.
नाना आणि नदी एका रस्त्यावर नकोत,
हे मी मगदूमांना सांगितलं नाही.

नाना पाटबंधाऱ्यात होते. एकतीस वर्षं
पाण्यात उभ्या पट्टीवरचा आकडा वहीत.
आता माझं नाव त्यांना कधी सापडतं, कधी नाही.
चप्पल रोज सापडते.
साडेतीनला निघतात.
कुठं, विचारलं की रागावतात. ऑफिसला.

मला गल्ली हवी होती
गेलेला माणूस परत पाठवणारी.
हे पुठ्ठ्यावर लिहिलेलं नसतं.

गावभागातल्या बोळात स्कूटर शिरेना.
मी नानांचा हात सोडला.
'अहो, आजोबा चालले,' मगदूम म्हणाले.
'जाऊ द्या.'
शिंप्यानं मान वर केली, खाली घातली.
मिक्सर दुरुस्त करणारा बघत राहिला, तोंडात स्क्रू.
माझ्या पोटात गोळा,
तरी मी हलले नाही.
मग गिरणीतून, भुवयांपर्यंत पिठानं पांढरी, एक बाई:
'ओ काका, म्होरं बोळ बंद हाय. कुणाकडं आलायसा?'
'सेक्शन ऑफिसात.'
ती हसली नाही.
'आज सुट्टी हाय ऑफिसाला. बसा. पाणी घ्या.'
आणि नाना बसले, कुणाच्या तरी दळणाच्या डब्यावर,
सुट्टी मिळालेल्या माणसासारखे.

घर गिरणीच्या पलीकडं. तळमजला.
भिंतीवर एक आडवी रेघ, चहाच्या डागासारखी.
'ओल हाय जरा. रंग मारला की संपलं,' मगदूम म्हणाले.
नाना वाकले.
जमिनीपासून वीत टाकत वर आले.
'ओल नव्हे. चार फूट दोन इंच.
आणि इथं दोन दिवस थांबलेलं आहे.'
मालकीणबाई आवटी आधी मगदूमांकडं बघत होत्या,
मग नानांकडं.
'तीन,' त्या म्हणाल्या. 'तीन दिवस.'
जरा वेळानं:
'माळ्यावर सहाजणं निजलो होतो आम्ही.
काकांना शिडी चढता येईल?'

इतकी घरं बघितली,
असं कुणी विचारलं नव्हतं.

भाऊ पुण्याहून फोनवर ओरडला,
'पूररेषेत? अगं, शुद्धीवर आहेस का?'
मी म्हटलं, पाणी वर्षानुवर्षांनी येतं
आणि निघताना कळवतं, फुटाफुटानं.
नाना रोज निघतात.
तो गप्प झाला. पटलं म्हणून नसावं;
त्याला मीटिंग होती.

शनिवारी सामान आलं.
गिरणीवालीनं माझा नंबर
खडूनं काट्यामागच्या भिंतीवर लिहून घेतला,
बाकी उधारीच्या आकड्यांखाली.

माळ्याच्या शिडीला अकरा पायऱ्या.
कठडा एकाच बाजूला.
नाना सातवीवर थांबतात,
खाली बघतात, आणि काहीतरी मोजतात.
पावसाळ्याला अजून चार महिने आहेत.
मगदूमांना सांगितलंय, एखादा सुतार बघा.