सांधणी

धकाते साहेबांवर काही लिहून द्या म्हणाले,
सत्कार आहे, स्मरणिका निघते.
मी स्टोअरकीपर माणूस. आवक, जावक, शिल्लक,
यापलीकडे मला लिहिता येत नाही.

तर आवक.
तांडापेठेतल्या कोष्ट्याचा पोरगा. बाप खड्ड्याच्या मागावर,
पाय खाली पावड्यांवर, डोळे ताण्यात.
जुना ताणा संपत आला की नव्याचे दोरे
एकेक करून जुन्याला सांधायचे, बोटं राखेत बुडवून.
उद्धवला ते सहाव्या वर्षी यायचं.
पुढे परदेशात शिकला, तिथल्या कारखान्यात नऊ वर्षं,
आणि ब्याऐंशीच्या मे महिन्यात
हिंगण्याच्या एमआयडीसीत प्लॉट घेऊन उभा राहिला.
पहिल्याच दिवशी वावटळ.
"धूळ," तो म्हणाला. "आता हिच्याशीच लगन."

सिलिकॉनच्या चकत्या, बत्ताशाएवढ्या.
भट्टी अकराशे अंशांवर.
दारात चपला काढायचो, मग टोपी, मग मास्क,
मग श्वासही जपून.
खिडक्यांना तीन थर, तरी कुठून तरी
कोराडीच्या राखेचा एखादा कण यायचाच.
आणि लाइट. अहो, लाइट!
चौऱ्याऐंशीच्या दिवाळीआधी फक्त अकरा सेकंद गेली,
चारशे चकत्या बाद.
साहेब भट्टीसमोर स्टुलावर बसून राहिले,
चहा निवला.
कारणाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं,
तर म्हणाले, "कोराडी."

डायोड म्हणजे काय, ते मला एकदाच सांगितलं,
सीताबर्डीवर तर्री-पोहे खाताखाता:
"दोन जातींचं सिलिकॉन. मधे सांधा.
वीज एकाच अंगानं जाते, उलटी येत नाही."
"जातींचं?"
"होय ना बे. पण इथं बरं आहे,
सारं काम सांध्यावरच चालते."

जावक.
ब्याण्णवनंतर बाहेरचा माल आला.
आमचा दीड रुपयाला, तो चाळीस पैशांना.
सत्त्याण्णवला कुलूप. एकतीस माणसं.
माझा हिशेब रोख निघाला नाही,
बदल्यात डालड्याच्या डब्यात अकरा हजार डायोड.
बायको म्हणाली, याची भाजी करू का?
तीन वर्षं मी साहेबांचं नाव घेतलं नाही.
बर्डीवरच्या रेडिओवाल्याला शेकड्यानं विकत गेलो.
पोरीची दहावीची फी त्यातूनच,
हेही लिहून ठेवतो.

मग ते सूर्याच्या मागे लागले.
स्वतःचा कारखाना नाही, दुसऱ्यांच्या कामात पैसा.
लोक म्हणाले, धकाते उन्हाला पैसे लावून राहिला,
नागपुरात ऊन विकत घेणारा पहिलाच.
एकदा मला जुन्या फियाटमधून काटोलकडे नेलं.
संत्र्याच्या बागेला लागून निळ्या तावदानांच्या रांगा.
"ओळखलं का वामन? तोच सांधा.
तेव्हा आपण वीज ढकलत होतो.
आता ऊन पडते, अन् तो स्वतःच देते."

दुपारी मीटर पाहिला. शेचाळीस अंश,
आणि आकडा उतरत चाललेला.
मला वाटलं, बिघडलं.
ते हसले. "फार तापलं की मंदावते.
याला ऊन पायजे, ताप नाही."
मग साठी उलटलेला हा माणूस
नळी घेऊन एकेक तावदान धुवायला लागला.
धूळ. तीच.
कडेच्या जोडावरून त्यानं अंगठा आणि तर्जनी
चोळत नेली, राख लावल्यासारखी.

पुढे दोन कामं बुडाली, एक तरलं.
भागीदारानं फसवलं म्हणतात. मला माहीत नाही,
तो कागद स्टोअरला येत नाही.

शिल्लक.
डब्यात अजून सहाशे बारा. काल मोजले.
मागल्या हप्त्यात साहेबांचा फोन होता,
"चालतात का रे अजून?"
एक काढून मीटरला लावला.
गेली.
उलटा करून लावला,
काटा हलला नाही.

स्मरणिकेत बसत नसेल तर कागद परत पाठवा.
कार्बन ठेवलेला नाही.