पंधरावा बोल्ट

स्कॉट्सब्लफला ऑक्टोबरात बीटचा कारखाना सुरू होतो
आणि गावभर वास सुटतो,
ओल्या मातीचा, करपल्या काकवीचा.
गराजचं दार मी तरी उघडंच ठेवते.
आत रॉइसचा पिकअप. नव्वद सालचा, काळा,
बॉनेटखाली चारशे चोपन्न घनइंच
आणि कागदावर मार्चपासून माझं नाव.

हेडर त्यानंच मागवले होते.
दोन वर्षं खोकं माळ्यावर.
चार-चार नळ्यांच्या दोन जुड्या,
आतड्यांसारख्या एकमेकींना चुकवत वळलेल्या.
"हिवाळ्याआधी बसवू," म्हणायचा.
कुठल्या, ते त्यानं सांगितलं नाही.

सोळा बोल्ट.
पस्तीस वर्षं तापले, निवले, पुन्हा तापले,
आता लोखंड कुठलं आणि गंज कुठला, त्यांनाच ठाऊक.
तीन रात्री मी त्यांना तेल पाजलं,
बाळाच्या कानात घालतात तसं, थेंब थेंब.

शेजारच्या मार्लिसची नात येते, टेगन, चौदाची.
तिचा हात जातो जिथं माझा अडतो,
स्टिअरिंगच्या दांड्यामागच्या बेचक्यात.
मी बॅटरी धरते.
ती पान्हा फिरवते आणि माझ्याकडून शिव्या शिकते.

पहिला किंचाळत सुटला.
चौथा तुटला.
तुटताना फार आवाज होत नाही,
पान्हा नुसता हलका होतो हातात
आणि पोटात खड्डा पडतो.
उरलेल्या बुंध्यावर नट ठेवून वेल्ड केला,
लाल असतानाच फिरवला, श्वास न घेता.
नववा तुटला. तोही तसाच.
अकराव्याला मी बाहेर जाऊन उभी राहिले,
बीटचे ट्रक मोजत.

"हा वेगळा आहे," टेगन खालून म्हणाली.
पंधरावा. फायरवॉलजवळचा,
जिथं बघायला आरसा लागतो.
चौकोनी डोक्याचा,
बीट उपटायच्या यंत्राचा असावा.
सॉकेट बसेना. साधा पान्हा दिला.
पाव फेरा,
आणि पुढचा बोटांनीच सुटला,
लोण्यातून काढावा तसा.
आट्यांवर तांबूस लेप, अजून ओला.

कधी लावला असेल त्यानं?
फ्रीजचं दार उघडं टाकणारा माझा भाऊ,
टॅक्सचे कागद बुटाच्या खोक्यात,
दोन लग्नं अर्ध्यावर,
वाढदिवस विसरला की आठवडाभरानं फोन करून
हवेबद्दल बोलणारा.
तो इथं, ट्रकखाली पाठीवर पडून,
न दिसणाऱ्या जागी एका उसन्या बोल्टला
ब्रशनं लेप लावत होता,
पुढं हे कोणी उघडेल म्हणून.

मी तोच बोल्ट परत लावायचं ठरवलं.
टेगननं आवळला.
हेडरची पट्टी जुन्या मॅनिफोल्डपेक्षा पातळ,
बोल्ट लांब पडला, तळाला टेकला,
पट्टी हलतीच राहिली.
"नाही धरत," ती म्हणाली.
नाहीच धरणार.
काढला. खिशात टाकला.
पाकिटातला नवा घेतला, आखूड, चकचकीत.

"पण आपण हे पुन्हा काढणार नाही ना?
मग लेप कशाला?"
डबी तिच्यापुढं सरकवली. सोळाही, म्हटलं.
तिनं लावला,
आणि तांबडी बोटं माझ्या फ्रीझरला पुसली.
ते ठसे अजून आहेत.

संध्याकाळी किल्ली फिरवली.
आधी धूर, नव्या नळ्यांवरचं तेल जळताना,
टेगन दारापर्यंत पळाली.
मग तो आवाज:
छातीत पडणारा, खालून येणारा.
पलीकडे मार्लिसनं पोर्चचा दिवा लावला,
दोनदा विझवला, पुन्हा लावला,
म्हणजे पुरे.

उजवीकडे कुठंतरी बारीक टिकटिक आहे.
गॅस्केट अजून बसायचंय.
उद्या सकाळी, सगळं गार झाल्यावर,
पुन्हा एकदा सोळाही आवळायचे.